आजच्यापुरती किंमत

तो आला तेव्हा अनगोळच्या आमच्या गल्लीत
असा वारा होता की दोरीवरचा परकर
पाच्छापुऱ्यांच्या गच्चीवर जाऊन बसला होता.
"खिडक्या वाजतात की, मावशी," तो म्हणाला,
चपला काढायच्या आधीच.

नाव बाळेश. गळ्यात पट्टा, पट्ट्यात फोटो,
फोटोतला मुलगा त्याच्याहून बराच निर्धास्त.
बॅगेतून त्याने एक पांढरी खिडकी काढली,
वीतभर, खेळण्यातली वाटावी अशी,
आणि माझ्या हातात दिली. उघडा. बंद करा.
मी उघडली. बंद केली. पुन्हा उघडली.
हातात आलेली वस्तू परत देताना
आपलंच काहीतरी गेल्यासारखं वाटतं,
हे त्याला कुणीतरी नीट शिकवलं होतं.

सहा खिडक्या. एक लाख चौदा हजार.
मी काही बोलले नाही, तर शहाण्णव.
पाणी आणायला आत गेले, तर अठ्ठ्याऐंशी.
"पण ही आजच्यापुरती. सहाला सिस्टीम बंद होते."
आम्ही दोघांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं.
ते गेल्या दिवाळीपासून सव्वाचारवर आहे.

मग पैसे कसे द्यायचे ते.
रोख दिले तर बिल नाही, गॅरंटी तोंडी.
कार्डावर दोन टक्के वर.
हप्त्यांनी बारा महिने, व्याज शून्य.
शून्य म्हणताना त्याने बोटांचा गोल केला
आणि त्या गोलातून मला पलीकडचं दिसलं:
फाईल चार्ज तेवीसशे साठ, विमा नऊशे,
हप्ता चुकला की पाचशे नव्वद,
सगळं कागदाच्या पाठीवर, मुंगीच्या अक्षरात, कानडीत.
"ते काय, नियम. सही इकडे."

"आणि जुन्या खिडक्या?"
"फुकट काढून नेतो. एक पैसा नको."
फुकट म्हणताना तो पहिल्यांदा खाली बघून बोलला.

मग साहेबांना विचारतो म्हणून फोन लावला,
दाराकडे तोंड करून, कानडीत:
आरू किडकी सागवानी अदावु री,
खानापूरकडचं जुनं लाकूड, अवरिग गोत्तिल्ल.

बावीस वर्षं मी खडेबाजारात साड्या विकल्या.
गोकाकच्या बाईला कानडीत, चंदगडच्या बाईला मराठीत,
नवरा बरोबर असला तर गप्प राहून.
पदर आधी हातात द्यायचा, आकडा मागाहून.
शेवटचा एकच पीस आहे, असं सांगताना
मागच्या कपाटातल्या अकरांकडे बघायचं नाही.
मला त्याचा राग यायला हवा होता.
पोराचं बघणं चुकलं, एवढंच वाटलं.

"ननग गोत्तैति, तम्मा," मी म्हटलं.
मला माहीत आहे, बाळा.
फोन त्याच्या कानालाच राहिला,
आतून साहेब हॅलो हॅलो करत होते.

चहा दिला. कॅलेंडरचं जुनं पान फाडून घेतलं.
पाठीमागे लिहिलं: एकच खिडकी, न्हाणीतली,
कारण ती खरंच कुजली आहे.
लाकूड माझं. बिल पक्कं.
थोडे पैसे बसवायच्या दिवशी,
थोडे एक महिना ती नीट लागली तर,
उरलेले माझी भिशी निघाल्यावर.
"असला ऑप्शन आमच्याकडं नाही, मावशी."
"घाल की मग नवीन."
बाकीच्या पाच, बस्त्याव सुतार रंधा मारून देईल,
तो उशिरा येतो, पण एकाच भाषेत बोलतो.

निघताना बाळेशने स्वयंपाकघरातल्या चौकटीवर अंगठा फिरवला.
"आमच्या कित्तूरच्या घराला ह्याच होत्या."
"कितीला गेल्या?"
तो चपला शोधत राहिला.
त्या समोरच होत्या.

दुसऱ्या दिवशी मोबाईलवर मेसेज: फक्त आज, अठ्ठ्याऐंशी.
बुधवारी: फक्त आज, एक्क्याऐंशी.
रविवारीसुद्धा आजच होता.

बस्त्याव अजून आलेला नाही.
बाळेशचं चकचकीत माहितीपत्रक चारपदरी घडी करून
मी हॉलच्या खिडकीच्या फटीत खोचलंय.
वाजत नाही.